प्राण्यांच्या दवाखान्यात शुश्रूषेचीही नोंद हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबईत आजारी कुत्र्या-मांजरांच्या उपचाराची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. त्याच परळमध्ये १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं नवं रुग्णालय सुरू झालं. उपनगरांत खाजगी दवाखान्यांच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. या सगळ्याबद्दल वर्तमानपत्रांत येतं ते डॉक्टरांबद्दल, यंत्रांबद्दल आणि बिलांबद्दल. ॲडमिट केलेल्या जनावराजवळ रात्रंदिवस जी माणसं असतात, त्यांच्या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला त्या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनी ठेवायच्या नोंदी, आणि त्यांवरून आम्हा विद्यार्थ्यांना लिहाव्या लागणाऱ्या केस स्टडी.

मी काळाचौकीला राहते. एका खाजगी प्राणी दवाखान्यात काम करत प्राणी परिचर्येचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम शिकते आहे. केस स्टडी लिहायची म्हणजे एक रुग्ण निवडायचा, त्याची आपण कोणती काळजी घेतली, का घेतली आणि तिचा त्याला उपयोग झाला की नाही, हे पहिल्या दिवसापासून मांडायचं. रोगाचं निदान आणि औषधं हे डॉक्टरांचं काम, त्यात आम्ही लुडबुड करायची नसते. पण डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राऊंडला येऊन जातात. मधल्या तासांत जनावर कसं होतं, हे आम्हीच पाहिलेलं असतं. ते आम्ही लिहिलं नाही, तर ते कुठेच राहत नाही.

एक उदाहरण देते. आमच्याकडे गिरगावातून एक डॅशहाउंड आला होता. लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा. या जातीत मणक्यामधली गादी सरकण्याचं प्रमाण जास्त असतं आणि याचंही तेच झालं होतं. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. केसपेपरवर इंजेक्शनं, सलाईन, पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती, असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. रात्रपाळीच्या नोंदीत दोन शब्द होते, ‘लघवी झाली’. खालचं पॅड ओलं होतं, त्यामुळे नोंद खोटी नव्हती. पण माझी ती केस स्टडी असल्यामुळे मी पॅड तराजूवर ठेवत होते. कोरड्या पॅडचं वजन वजा केलं की जे ग्रॅम उरतात तेवढी मिलिलिटर लघवी, असा ढोबळ हिशेब असतो. सलाईन चालू असलेल्या कुत्र्याला किलोमागे तासाला निदान एक ते दोन मिलिलिटर लघवी व्हायला हवी. नऊ किलोच्या कुत्र्याला रात्रीच्या दहा तासांत कमीत कमी नव्वद. माझ्या हिशेबात त्याच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. पॅड मात्र दर वेळी ओलंच. पोटाला हात लावला तर खालच्या बाजूला घट्ट गोळा लागत होता. म्हणजे लघवी होत नव्हती. मूत्राशय तुडुंब भरून वरचं तेवढं गळत होतं. सकाळी डॉक्टरांसमोर तो कागद ठेवला. त्यांनी तपासलं, आणि मग दिवसातून ठरावीक वेळा हाताने हलका दाब देऊन मूत्राशय रिकामं करायचं ठरलं. ते कसं करायचं हे त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवलं. मूत्राशय असं ताणलेलं राहिलं तर त्याचे स्नायू कायमचे सैल पडू शकतात, जंतुसंसर्ग होतो, आणि पाय सुधारले तरी हे दुखणं मागे राहतं.

यात मी फार मोठं काही केलं असं मला सुचवायचं नाही. तराजू स्वयंपाकघरातला होता आणि आकडेमोड शाळेतली. मुद्दा हा की केस स्टडी लिहायची होती म्हणून कुणीतरी मोजलं. ज्या रुग्णाची केस स्टडी कुणी लिहीत नाही, त्याचं पॅड कोण मोजणार?

शिकवताना आम्हाला एक प्रश्नावली दिली जाते. ब्रिटनमधल्या ऑर्पेट आणि जेफरी या दोघींनी २००७ मध्ये ती खास प्राण्यांच्या शुश्रूषेसाठी मांडली. त्याआधी माणसांच्या नर्सिंगचे साचेच जनावरांना लावले जात. त्यांचे प्रश्न अगदी साधे आहेत. हा प्राणी पुरेसं खाऊ शकतो का? पुरेसं पाणी पितो का? लघवी, शौच नीट होतं का? श्वास नेहमीसारखा आहे का? अंगाचं तापमान राखता येतं का? स्वतःला चाटून-पुसून स्वच्छ ठेवतो का? हालचाल करतो का? झोप, विश्रांती मिळते का? आणि शेवटचा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा: तो त्याच्या नेहमीच्या स्वभावाने वागतो आहे का? यातला एकही प्रश्न आजाराचं नाव विचारत नाही. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्याचा नेहमीचा स्वभाव काय, हे आधी माहीत हवं, आणि ते फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणून चांगल्या केस स्टडीची सुरुवात घरच्यांशी निवांत बोलण्यातून होते. कुठे झोपतो, कोणाच्या हातून खातो, घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारता, लघवीला गच्चीवर नेता की रस्त्यावर, कशाला घाबरतो.

वरळी कोळीवाड्यातून आलेल्या एका मांजरीच्या बाबतीत हे बोलणंच उपयोगी पडलं. चांगली गुबगुबीत मांजरी, जबड्याला मार लागल्यामुळे ॲडमिट केलेली. जबडा ठीक झाला तरी ती खाईना. मांजर, त्यातून जाड मांजर, काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून मांजर खात नाही ही गोष्ट ‘उद्या बघू’ म्हणून सोडता येत नाही. दवाखान्यातलं डब्यातलं खाणं तिने हुंगलंसुद्धा नाही. तिला घेऊन आलेल्या आजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ती सगळे झोपल्यावरच खाते आणि बशीतूनच खाते, वाटीत तोंड घालत नाही. शिवाय तिचा पिंजरा कुत्र्यांच्या रांगेसमोर होता. मी हे सगळं लिहून सिस्टरांना दाखवलं. पिंजरा आतल्या खोलीत हलवला, अर्ध्यावर टॉवेल टाकला, बांगड्याचं मांस उकडून काटे काढून कोमट असतानाच पसरट बशीत ठेवलं. वास सुटला पाहिजे म्हणून कोमट. आणि रात्री दिवा मालवून सगळे बाहेर आलो. पहाटे बशी चाटूनपुसून स्वच्छ होती. किती ग्रॅम ठेवलं, किती उरलं, किती वाजता पाहिलं, हे कागदावर होतं म्हणून डॉक्टरांनी नळीने भरवायचा विचार पुढे ढकलला.

आता माझी तक्रार.

अशा नोंदी लिहायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांतच केस स्टडीला शेवटच्या महिन्यातली वही भरण्याचं स्वरूप आलं आहे. गेल्या वर्षीच्या मुलींच्या फायली फिरतात. त्या उतरवून काढायच्या, कुत्र्याचं नाव बदलायचं, चित्रं चिकटवायची, रंगीत पेनाने चौकट आखायची. आता तर मोबाइललाच सांगितलं की तयार केस मिळते. मी अशा फायली पाहिल्या आहेत. त्यांत प्रत्येक जनावराचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ १०१.५. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हा आकडा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण आजारी जनावराचं तापमान पाच दिवस एका रेषेत राहत नाही, हे थर्मामीटर हातात धरलेल्या कुणालाही कळतं. तपासणाऱ्याने एकदा विचारलं, की बाई, हे तापमान घेताना कुत्रा उभा होता की आडवा, तर सगळं उघडं पडेल. पण बहुतेक ठिकाणी तपासणाऱ्याने तो रुग्ण पाहिलेलाच नसतो. पानं मोजून गुण मिळतात.

याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. मी एका पिल्लाची केस लिहिली होती. पावसाळ्यात चाळीतून आलेलं, पार्व्हो म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार झालेलं. लस दिलेली नव्हती. त्याला बाकीच्या रुग्णांपासून वेगळं ठेवलं होतं, त्याच्या खोलीत जाताना चप्पल, एप्रन, हातमोजे वेगळे. उलटी कितीदा, जुलाबात रक्त किती, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडली की रंग परत यायला किती सेकंद लागतात, सलाईनची सुई असलेला पाय सुजला आहे का, हे सगळं वेळेसह लिहीत होते. ते पिल्लू वाचलं नाही. फाइल परत आली, त्यावर शेरा होता की बरा झालेला रुग्ण निवडावा.

मी हे मनापासून लिहिते, की असं म्हणणं चूक आहे. शुश्रूषा चांगली होऊनही जनावर जातं, पार्व्होत तर पुष्कळदा जातं. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला कमी त्रास व्हावा म्हणून काय केलं, अंग कसं कोरडं ठेवलं, गरम पाण्याच्या बाटल्या कशा गुंडाळून ठेवल्या, त्याला कुशी कधी बदलून दिली, हे शिकण्यासारखं नाही का? शिवाय त्याच केसमध्ये घरच्यांशी झालेल्या बोलण्याची नोंद होती. त्यातून कळलं होतं की शेजारच्या खोलीत त्याच्याच आईचं दुसरं पिल्लू आहे आणि तेही बिनलशीचं. डॉक्टरांनी त्याला ताबडतोब आणायला सांगितलं. पार्व्होचा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन् महिने टिकतो, नुसत्या फिनाईलने जात नाही, आधी घाण धुऊन मग ब्लीचचं पाणी दहा मिनिटं ठेवावं लागतं, हे मी त्या घरच्यांना समजावून सांगितलं होतं. हे सगळं त्या फाइलमध्ये होतं. बऱ्या झालेल्या रुग्णांच्याच केसेस लिहायच्या ठरल्या तर आम्ही शिकणार काय आणि पुढच्या पिल्लाला वाचवणार कसं?

भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत तर लिहिलेला कागद हाच त्यांचा एकमेव आधार असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. एकदा तो सोडला की त्याच्या टाक्यांकडे बघायला घरचं कुणी नाही. म्हणून सोडण्यापूर्वी रोज जखम कशी दिसत होती, सूज, पाणी, लाली होती का, तो टाके चाटत होता का, नीट खात होता का, हे लिहिलेलं असणं फार गरजेचं आहे. ‘ठीक आहे’ या शब्दांवर कुत्रा पावसाळ्यात चिखलात सोडून देणं मला पटत नाही. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने कापलेली कबुतरं, घारी येतात, त्यांच्याबद्दलही हेच म्हणेन. पंख किती उघडतो हे रोज पाहून लिहिल्याशिवाय घार आकाशात सोडायची तरी कशी?

यावर दवाखान्यातले अनुभवी लोक म्हणतात, लिहायला वेळ कुठे आहे? तो खरोखरच नाही, हे मी रोज पाहते. एका पाळीला दोन माणसं, त्यात साफसफाई, औषधं, भरवणं, घरच्यांचे फोन. म्हणूनच मला वाटतं की पानंच्या पानं लिहायची सक्ती नको. पिंजऱ्याला अडकवलेला एकच तक्ता हवा, वर सांगितलेले प्रश्न छापलेला, पुढे वेळ आणि आकडा लिहायला जागा. आणि तो मराठीत असावा. औषधांची नावं, मात्रा डॉक्टर लिहितात तशाच राहू देत, त्यात गोंधळ चालणार नाही. पण रात्री पिंजरा साफ करणाऱ्या मावशींना, वॉर्डबॉयला जे दिसतं ते त्यांना लिहिता आलं पाहिजे. आमच्याकडच्या मावशींना कुत्रा कण्हण्याआधी कान कसा मागे घेतो हे माझ्याआधी कळतं. इंग्रजी तक्त्यापुढे त्या पेन हातात घेत नाहीत, तोंडी सांगतात, आणि पाळी बदलली की ते सांगणं हवेत विरतं. विद्यार्थ्यांच्या केस स्टडीही मराठीत लिहायची मुभा असावी. माझ्या वर्गातल्या मुली फार बारकाईने बघतात, पण इंग्रजीत लिहायला बसल्या की पुस्तकातली वाक्यं उतरवतात, कारण स्वतःची वाक्यं चुकतील अशी भीती वाटते.

राहिला मान्यतेचा प्रश्न. माणसांच्या परिचारिकांसाठी १९४७ पासून कायदा आहे, त्यांची नोंदणी होते. ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या परिचारिकांचं प्रशिक्षण १९६१ पासून पद्धतशीर चालू आहे, आणि तिथल्या विद्यार्थिनीला काम करता करता आपल्या कौशल्यांची नोंद ठेवून ती अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात नोंदणी आहे ती डॉक्टरांची. राज्य सरकारने आदेश काढला तर पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात, एवढीच तरतूद आहे. आपल्याकडच्या पदविकांचा भर गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या आणि दुग्धव्यवसायावर आहे. ते योग्यच आहे, राज्याची गरज ती आहे. पण शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या मांजराजवळ बसणाऱ्या मुलीला कायद्यात नाव नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही. त्यामुळे कुणीही काहीही शिकवतं आणि कशाचंही प्रमाणपत्र देतं. यात मुलींची फी जाते आणि जनावरांचे हाल होतात.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने आणि पशुवैद्यक परिषदेने मिळून शहरी प्राणी परिचर्येचा एक अधिकृत अभ्यासक्रम आखावा, ही माझी विनंती आहे. त्यात केस स्टडी थोड्याच असोत, पण प्रत्येक रुग्णाजवळ विद्यार्थी प्रत्यक्ष होता अशी त्या दवाखान्याच्या डॉक्टरांची किंवा सिस्टरांची सही असावी, परीक्षकाने त्याच कागदावरून तोंडी प्रश्न विचारावेत, आणि दगावलेल्या रुग्णाची केस नाकारू नये. प्राणी मालकांची परवानगी घ्यावी, त्यांची नावं-पत्ते फाइलमध्ये येऊ नयेत, फोटो तर मुळीच फिरवू नयेत. हल्ली आजारी कुत्र्याचा व्हिडिओ तो दवाखान्यात असतानाच सगळीकडे गेलेला असतो, ते थांबायला हवं.

हा अभ्यासक्रम यायला वेळ लागेल हे मला समजतं. पिंजऱ्यावरच्या तक्त्याला मात्र सरकारी आदेश लागत नाही. मुंबईतल्या ज्या दवाखान्यांना तो सुरू करायचा असेल त्यांनी आपल्या सिस्टरांना, मावशींना आणि तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना एकत्र बसवून त्यात कोणते रकाने हवेत ते विचारावं. पाळी बदलताना दहा मिनिटं तो तक्ता मोठ्याने वाचायची पद्धत ठेवावी. आणि ज्यांचं जनावर ॲडमिट आहे अशा वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे, की भेटायला गेलात की औषधांबरोबर हेही विचारा: काल रात्री त्याने किती खाल्लं, लघवी किती झाली आणि ते कुठे लिहिलं आहे?

कळावे,

आपली,
प्राणी परिचर्येची एक विद्यार्थिनी
काळाचौकी, मुंबई